रोख डॉलरचा भाव

सकाळी उठल्यावर लोक देवाचं नाव घेतात, मी डॉलरचा भाव बघते. चहा गॅसवर असतो, एका हातात गाळणं आणि दुसऱ्या हातात फोन. आज चार पैशांनी वर. बरं, मग? मला काय करायचंय? नोकरी संपून कितीतरी वर्षं झाली, माझ्याकडे ना डॉलर ना रियाल, आणि काचीगुड्याच्या आमच्या गल्लीत कुणालाही या भावाशी काही कर्तव्य नाही. दूधवाल्याला सांगून बघितलं होतं एकदा. तो म्हणाला, "अम्मा, दूध का भाव भी बढ़ा, दो रुपये." तेव्हापासून मी भाव फक्त स्वतःलाच सांगते.

तीसेक वर्षं मी आबिड्सला परकीय चलन बदलून देणाऱ्या एका छोट्या दुकानात काउंटरवर बसले. मोठ्या पोस्टाच्या मागची गल्ली, एका बाजूला चपलांचं दुकान, दुसऱ्या बाजूला चष्म्यांचं. आमचं दुकान म्हणजे काचेची एक खिडकी, आत दोन खुर्च्या, एक तिजोरी आणि शेठजींच्या देवाचा फोटो. सकाळी पहिलं काम बोर्डाचं. काळ्या बोर्डावर खाचा होत्या, त्यांत प्लॅस्टिकचे आकडे सरकवायचे. डावीकडे खरेदीचा भाव, उजवीकडे विक्रीचा. दोन्हींमध्ये थोडं अंतर ठेवायचं. त्या अंतरावर शेठजींचा संसार चालायचा आणि माझाही.

या दोन रांगांनी माझं डोकं जेवढं खाल्लं तेवढं माझ्या सासूनेही खाल्लं नाही. गिऱ्हाईक डॉलर विकायला यायचं आणि उजवीकडे बोट दाखवायचं. "मैं बेच रहा हूँ ना? तो बेचने का भाव दो." मी सांगायचे, बोर्ड दुकानाच्या बाजूने लिहिलेला असतो, तुम्ही विकता म्हणजे आम्ही खरेदी करतो, म्हणून डावीकडचा भाव. शिकलीसवरलेली माणसंसुद्धा हे ऐकून घ्यायची नाहीत. आपण उभे आहोत तिकडूनच जग लिहिलेलं आहे, असं प्रत्येकाला वाटतं. आधी मी समजावून सांगायचे, नंतर नंतर नुसतं डावीकडे बोट दाखवायचे. माझा स्वभाव तिरसट झाला तो तिथेच, असं माझी मुलगी म्हणते. तिरसट मी आधीपासून होते, तिथे पगार मिळायला लागला एवढंच.

आकड्यांच्या संगतीत इतकी वर्षं काढल्यावर माझं आयुष्यही मला त्यांच्यावरूनच आठवतं. नोकरीला लागले तेव्हा डॉलर बारा-तेरा रुपये होता. मुलगी झाली तेव्हा सतरा. ती नुकती बोबडं बोलायला लागली होती आणि सरकारने रुपयाची किंमत एकाच आठवड्यात दोनदा उतरवली. दोनाचे आकडे कमी पडले म्हणून मी पुठ्ठ्याचे कापून लावले. सासरे गेले तेव्हा पस्तीसच्या पुढे. नवरा गेला तेव्हा अठ्ठेचाळीस. त्या दिवशीचा भाव मी सकाळी स्वतः लावला होता आणि दुपारी मला घरून बोलावणं आलं. दिवस-पाणी उरकून परत कामावर गेले तर बोर्डावर नवे आकडे होते, दुसऱ्या कुणीतरी लावलेले. एवढ्याशा गोष्टीचं मला इतकं रडू आलं की शेठजींनी खिडकीचं शटर अर्धं खाली ओढलं. घरी मी रडले नव्हते.

सासऱ्यांचं सांगायला हवं. आमची मंडळी मूळची नांदेडकडची, शेतीवाली. सासरे तरुणपणी निजामाच्या राजधानीत, इथे काचीगुड्याला आले आणि इथेच राहिले. त्यांच्या लहानपणी आणि तरुणपणी या मुलखात दोन रुपये चालायचे. एक हाली, म्हणजे निजामाचा. दुसरा कलदार, म्हणजे इंग्रजांचा. साधारण सात हाली दिले की सहा कलदार मिळायचे. सोलापूरला लग्नाला जायचं तर आधी सराफाकडे जाऊन रुपये बदलून घ्यायचे. हद्द ओलांडली की खिशातला रुपया तोच, पण समोरचा त्याला पूर्ण रुपया मानायला तयार नाही. हाली रुपया बंद होऊन जमाना लोटला तरी सासऱ्यांची सवय सुटली नाही. मला नोकरी लागली आणि मी पगार सांगितला, तेव्हा ते पाटावर बसून जेवत होते. त्यांनी घास थांबवला आणि विचारलं, "कोणते रुपये, बाई? हाली का कलदार?" सगळे हसले. मी मात्र हसले नाही, कारण दिवसभर मी तेच करत होते. आमच्या घरात माझं काम नक्की काय आहे हे कळलेला तो एकच माणूस.

आता मुख्य गोष्ट. काउंटरवर बसून मी एक शिकले होते. ज्याला पैसे पाठवायचे असतात तो बँकेत जातो, किंवा हल्ली फोनवर बोट दाबतो. रोख नोटांचा भाव तोच विचारतो जो स्वतः जाणार असतो, नाहीतर स्वतः आलेला असतो. नोटा माणसाच्या अंगावरून येतात, पाकिटातून, पर्समधून, पोलक्यातून. जुन्या शहरातल्या बायका रियाल घेऊन यायच्या तेव्हा आम्ही ओळखायचो, नवरा सुट्टीवर आलाय. चेहऱ्यावरूनही कळायचं म्हणा. "कॅश का क्या भाव है?" एवढं कानावर पडलं की शेठजी माझ्याकडे बघून भुवई उडवायचे. म्हणजे कुणाचं तरी विमान आलं, नाहीतर कुणीतरी विमानात बसणार. इतक्या वर्षांत हा अंदाज चुकलेला मला आठवत नाही. दुसरा नियम असा, की आपण होऊन काही विचारायचं नाही. कधी आलात, कुणाकडे चाललात, किती दिवस राहणार, असल्या चौकशा केल्या की गिऱ्हाईक बिचकतं. पासपोर्ट बघायचा आणि गप्प बसायचं. लोकांचे एवढे पासपोर्ट मी हातात घेतले, पण स्वतःचा कधी काढला नाही.

मुलगी अमेरिकेला शिकायला गेली तेव्हा डॉलर बासष्ट होता. शिकायचं कर्ज रुपयांत होतं आणि नोकरी लागल्यावर ती ते डॉलर पाठवून फेडायची. त्यामुळे तिचा फोन यायचा, "आई, आज पाठवू का थांबू?" मी कामावर असायचे, मला बाजाराचा अंदाज असायचा. कधी म्हणायचे, पाठवून टाक. कधी म्हणायचे, दोन दिवस थांब, वर जाईल. भाव वर गेला की ती तिकडून ओरडायची, "आई, तू ग्रेट आहेस!" आणि खाली आला की मी सरकारला शिव्या द्यायचे. दिवसातून दोन-दोनदा बोलणं व्हायचं. डॉलरच्या निमित्ताने मग बाकीचंही निघायचं, आज काय खाल्लंस, बूट घेतलेस का, रूममेट अजून भांडी घासत नाही का. कर्ज होतं तोवर आमचं फार छान चाललं होतं.

मग कर्ज फिटलं. मी नोकरीतून मोकळी झाले. फोन रविवारवर आला. जेवलीस का, गुडघा कसा आहे, तिकडे थंडी किती आहे. लग्नाचा विषय आम्ही दोघींनी भांडून भांडून केव्हाच संपवलेला. ती एकटी राहते आणि मी त्यावर बोलत नाही, असा तह झालेला आहे. दहा मिनिटांत दोघींकडचं बोलणं संपतं आणि मग आम्ही एकमेकींचा श्वास ऐकत बसतो. ती शेवटची आली तेव्हा डॉलर चौऱ्याहत्तर होता. त्यानंतर तिच्या व्हिसाचं काहीतरी अडलंय. इथे येऊन शिक्का मारून घ्यावा लागतो, त्याची तारीख मिळत नाही, आणि बाहेर पडलं तर परत आत घेतील की नाही याची खात्री नाही. सुरुवातीच्या वर्षांत ती म्हणायची, आई, तूच ये ना. मी म्हणायचे, मी तिकडे येऊन काय करू, बर्फ झाडू? तीन-चारदा असं झाल्यावर तिने विचारणं सोडून दिलं. ती आणखी एकदा विचारेल असं मला वाटत होतं.

मला एकटं वाटतं. हे मी कुणापाशी बोलत नाही, कारण बोललं की लोक भजनी मंडळाचा पत्ता देतात. संध्याकाळी पाच ते सात ही वेळ सगळ्यांत वाईट. स्टेशनातल्या गाड्यांचे भोंगे ऐकू येतात, गल्लीतली माणसं कामावरून परत येतात, जिन्यावर पावलं वाजतात, आणि ती सगळी दुसऱ्या कुणाच्या तरी दारापर्यंत जातात. टीव्ही मोठा करून ठेवते. एकदा समोरच्या अम्मा विचारायला आल्या होत्या, घरात पाहुणे आलेत का म्हणून.

अशात एका मंगळवारी सकाळी मुलीचा मेसेज आला. रविवार नसताना. "आई, कॅश डॉलरला आता आबिड्सला काय भाव मिळेल गं? बोर्डावरचा खरा रेट सांग, गूगलचा नको."

कॅश! मी तो मेसेज चष्मा लावून वाचला, चष्मा पुसून पुन्हा वाचला. चहा उतू गेला. गूगलचा नको म्हणते, बोर्डावरचा खरा भाव हवा म्हणते, म्हणजे नोटा हातात घेऊन काउंटरसमोर उभं राहायचंय. माझीच मुलगी, मला बनवायला निघाली. आईला सांगायचं नाही आणि एकदम दारात येऊन उभं राहायचं, हा सगळा बेत मी एका वाक्यात ओळखला. व्हिसाचं जमलं असणार. मी तिला काही विचारलं नाही. एक तर तिची मजा घालवायची नव्हती, आणि दुसरं, न विचारण्याची सवय हाडात भिनलेली. मी फक्त लिहिलं, "विचारून सांगते."

फोन करून विचारता आलं असतं. पण मी चांगली साडी नेसले, बस पकडली आणि आबिड्सला गेले. दुकान आता शेठजींचा मुलगा चालवतो. काळा बोर्ड जाऊन तिथे लाल आकड्यांचा चकचकीत बोर्ड आलाय, बटण दाबलं की भाव बदलतो. खरेदी मात्र अजून डावीकडेच. मला बघून तो उठून उभा राहिला. "अरे मॅडम, आओ आओ. कित्ते दिनों बाद!" मी म्हटलं, कॅश डॉलर घेणार का, काय भाव देणार? त्याने वडिलांसारखीच भुवई उडवली. "कौन आ रहे मॅडम?"

"बेटी," मी म्हणाले. तोंडातून शब्द बाहेर पडला आणि तो खरा वाटायला लागला. "अमेरिकासे आ रही मेरी बेटी."

त्याने बधाई दिली, चहा मागवला, आणि भाव दहा पैसे वाढवून सांगितला. नोटा शंभराच्या असाव्यात, कोऱ्या असाव्यात, शाईची रेघही नको, ही माहिती मलाच दिली. मी मुकाट्याने ऐकून घेतली. चहा होता तसाच होता, गोड गिट्ट. मी सगळा प्यायले.

घरी येऊन मी मुलीला सगळं सविस्तर लिहिलं. तिचा अंगठा आला. आणि पाठोपाठ, "नेक्स्ट वीकपर्यंत एवढाच राहील ना?" पुढच्या आठवड्यात! आता तर तारीखच कळली. मी लिहिलं, "राहील." डॉलरचा भाव आठवडाभर राहील असं छातीठोकपणे सांगणारी मी पहिलीच बाई असेन.

मग मी कामाला लागले. तिच्या खोलीत मी पापडाचे डबे, जुने पेपर आणि शिवणाचं मशीन भरून ठेवलं होतं, ते सगळं बाहेर काढलं. गिझरवाल्याला बोलावून गिझर दुरुस्त केला. मी स्वतः बादलीत पाणी तापवून अंघोळ करते, माझं चालतं. येसर, म्हणजे आमच्याकडचा आमटीचा मसाला, भाजून दळून घेतला. येसराची आमटी आणि धपाटे, हे तिकडे कुठे मिळायला बसलंय. गुडघ्याला पट्टा बांधून मी खिडक्यांच्या काचा पुसल्या. समोरच्या अम्मांनी दारातून विचारलं, "क्या है जी, कौन आ रहे?" मी म्हटलं, "बच्ची." त्यांनी विचारलं, "कब आरी?" मी म्हटलं, "अगले हफ्ते." त्या म्हणाल्या, बच्चीला खाऊ घाला, मागच्या वेळेला फार वाळली होती. मला इतकं बरं वाटलं की मी त्यांना वाटीभर येसर दिला. त्या तेलुगू, त्यांना त्याचं काय करायचं ते कळणार नव्हतं, पण दिला.

त्या आठवड्यात संध्याकाळी पाच ते सात मला वाईट वाटलं नाही. हे मी मुद्दाम लिहून ठेवते आहे.

पुढच्या गुरुवारी दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला. कुणा परक्या तरुण मुलीचा आवाज, शुद्ध मराठी. "काकू नमस्कार. मी तुमच्या मुलीच्या ऑफिसमध्ये आहे, अमेरिकेत. भावाच्या लग्नाला आलेय. तिने तुमच्यासाठी काहीतरी पाठवलंय. संध्याकाळी घरी आहात का?" मी म्हटलं, हो हो, ये. आणि फोन ठेवून मनाशी हसले. किती नाटकं! मैत्रिणीला पुढे करायचं आणि आपण जिन्यात लपायचं. लहानपणी ती शाळेतून आली की अशीच लपायची, खालच्या वळणावर, आणि तिच्या दप्तराचं टोक मला वरून दिसायचं.

सहाच्या सुमारास बेल वाजली. मी दार उघडलं. एक तिशीची मुलगी उभी, जीन्स, हातात मिठाईचा पुडा. मी तिला "ये" म्हणायच्या आधी तिच्या खांद्यावरून जिन्याकडे बघितलं. जिना रिकामा होता. मी एक पाऊल बाहेर टाकून खालच्या वळणापर्यंत बघितलं. तिथे कुणाची तरी सायकल होती.

"आणखी कुणी येणार आहे का काकू?" तिने विचारलं.

"नाही गं. ये, आत ये."

ती बसली. घरचे मूळचे पुण्याचे, आई-वडील आता भावाबरोबर गच्चीबावलीला राहतात, असं सगळं सांगत होती. मी माना डोलवत होते, पण मला काही ऐकू येत नव्हतं. तोंडात मारल्यासारखं झालं होतं. मग तिने पर्समधून एक पाकीट काढलं आणि माझ्या हातात दिलं. आत शंभराच्या काही नोटा. कोऱ्या, शाईची रेघ नसलेल्या. "तिने जुनी गाडी विकली ना, तर समोरच्याने कॅश दिली," ती म्हणाली. "मी म्हटलं, बँकेतून ट्रान्सफर कर की. तर म्हणाली, नको, आईला नोटाच दे. तिला त्या आबिड्सच्या काउंटरवर जायला मिळेल, दुकानातल्या लोकांशी बोलेल, भावावरून भांडेल, जरा बरं वाटेल तिला."

आयुष्यात पहिल्यांदा मी हातात आलेल्या नोटा मोजल्या नाहीत. पोरीने माझा किती विचार केला होता. मला घराबाहेर काढायला तिने तिकडे बसून एवढं डोकं लढवलं, आणि मी तिचा प्रश्न काउंटरच्या आतून वाचला होता, बोर्ड लावणारीने वाचावा तसा. तिच्या बाजूने वाचायला गेलेच नव्हते. मला तिचा राग यायला जागाच नव्हती, आणि राग आल्याशिवाय मला काही सोसत नाही.

मी उठले आणि पान वाढलं. स्वयंपाक तयारच होता. त्या मुलीने नको नको म्हणत बसून चांगले चार धपाटे खाल्ले. येसराची आमटी तिने पहिल्यांदाच खाल्ली, वाटी तोंडाला लावून प्यायली. कुणीतरी समोर बसून जेवतंय हे बघूनच मला जरा तरतरी आली. मी विचारलं, "माझी मुलगी कशी आहे गं? खरं सांग. फोनवर ती सगळं मजेत आहे म्हणते."

"मजेत आहे काकू. म्हणजे काम छान चाललंय. फक्त..." बोटाने वाटी फिरवत ती म्हणाली, "शुक्रवारी आम्ही सगळे लवकर पळतो. ती बसून राहते. मी एकदा म्हटलं, अगं चल ना घरी. तर म्हणाली, घरी जाऊन काय करू, भिंती बघू?"

हे बोलणं तर अगदी माझंच. ती गेल्यावर मी जेवले नाही. तिच्या खोलीत जाऊन नव्या चादरीवर बसून राहिले आणि मला पहिल्यांदा कळलं, की तिकडेही संध्याकाळ होते. इतकी वर्षं दोन देशांचा भाव सांगण्यात गेली, पण तिच्या घड्याळात पाच वाजतात तेव्हा ती काय करते, हे मी तिला कधी विचारलं नाही. विचारायचं नाही, हा नियम मी गिऱ्हाइकांपुरता ठेवायला हवा होता.

शनिवारी नोटा घेऊन आबिड्सला गेले, कारण तिची तशी इच्छा होती. शेठजींचा मुलगा म्हणाला, आज भाव एकदम मस्त आहे मॅडम, आणि माझ्यामागे कुणी उभं आहे का ते मान वाकडी करून बघायला लागला. मी पाकीट काढलं. खिडकीच्या खालच्या फटीतून आत सरकवायचं एवढंच काम होतं, हजारो हात मी तसे आतून बघितले होते. पण बाहेरून ती फट फार लहान दिसते. मी पाकीट परत पर्समध्ये टाकलं. "आज नक्को," मी म्हणाले. तो म्हणाला, "कायको मॅडम? और ऊपर जाएगा लगता क्या?" मी त्याला सांगितलं, की मला पासपोर्ट काढायचाय, कुठे जायचं ते सांग. त्याने एका कागदावर पत्ता लिहून दिला आणि पुन्हा चहा मागवला.

रविवारी सकाळी मुलीचा फोन आला. आवाजात उत्साह. "आई, मोडलेस का डॉलर? काय भाव मिळाला? भांडलीस की नाही?"

"नाही मोडले."

"अगं का? आता चांगला रेट आहे ना?"

"आहे. पण ते मला लागतील," मी म्हणाले. "मी तुझ्याकडे येतेय. पासपोर्टला वेळ लागेल, व्हिसा मिळेल न मिळेल, पण मी येतेय. तू बोलावलं नाहीस तरी येतेय."

ती म्हणाली, "आई, तू सिरियसली बोलतेयस? पण मी सकाळी आठला बाहेर पडते गं. इथे शेजारी कुणी बोलत नाही, बस नाही, काही नाही. तू दिवसभर एकटी काय करशील?"

"तेच, जे इथे करते," मी म्हणाले. "फक्त संध्याकाळी कुणीतरी दार उघडून घरात येईल."

पलीकडून काहीच आलं नाही. फोन कटला असं वाटून मी दोनदा हॅलो हॅलो केलं. कटला नव्हता. ती रडत होती. एरवी मी म्हटलं असतं, रडायला काय झालं, काही झालंय का. त्या दिवशी मला तसं काही म्हणता आलं नाही, कारण मीही रडत होते, आणि ते तिला ऐकू जातंय हे मला माहीत होतं.